पहिल्या ओळीला हसणारी माणसं

मे महिन्यातली हळद होती, अमळनेरकडच्या एका गावात. दिवसभराच्या उन्हाने मांडवाचं कापड रात्रीही तापलेलं, खाली पाणी शिंपडून शिंपडून चिखल झालेला, आणि जनरेटरच्या डिझेलचा वास आचाऱ्याच्या फोडणीत मिसळलेला. हळद लागली, नवरदेवाचे मित्र नाचून घामाघूम झाले, डीजेवाल्याने जरा दम घेतला. तेवढ्यात कुणीतरी माईक घेऊन पुकारा केला, "आते आपला भाऊ अहिराणीमा रॅप म्हनी दाखाडी!" तो पुढे आला. आमच्या जुन्या घराच्या शेजारचा मुलगा, अंगाने काटकुळा, काळा टी-शर्ट, मनगटाला जत्रेतलं कडं. मला मावशी म्हणतो. नाव लिहीत नाही; गावाकडचे ओळखतील, बाकीच्यांना नावाची गरज नाही. त्याने मोबाईल डीजेच्या वायरीला जोडला, ठेका सुरू झाला, चार मात्रा जाऊ दिल्या आणि मग म्हणाला:

"बाप मना सुरतमा, माय मनी वावरमा,
बठ्ठा उन्हाया भरेल शे एक रिती घागरमा."

म्हणजे बाप माझा सुरतेत, माय माझी वावरात, सगळा उन्हाळा भरलाय एका रिकाम्या घागरीत. मांडव हसला. खवचटपणे नाही, अगदी मनापासून, कौतुकाने हसला. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या आबांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "भारी मजा उनी रे भो!" आबांचे दोन्ही मुलगे सुरतला आहेत, एक साड्यांच्या मार्केटमध्ये, दुसरा कपडा रंगवायच्या मिलमध्ये. घरी म्हातारा, म्हातारी आणि वर्षातून दोनदा उघडणारी मुलांची खोली. ती ओळ जणू त्यांच्याच घरातून उचललेली होती, आणि ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते. मुलगा थांबला नाही, चिडला नाही. तिन्ही कडवी त्याच सरळ चेहऱ्याने म्हटली, माईक परत दिला आणि पंगतीत जाऊन बसला. वाढणाऱ्याने त्याच्या पानात वरणबट्टी घालताना विचारलं, "आजून एक व्हई जाऊ दे ना, कॉमेडी."

त्यात कॉमेडी कुठे होती, हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

खान्देशात वाढलेल्या माणसाला या हसण्याची सवय लहानपणीच लागते. शाळेच्या गॅदरिंगला एक तरी अहिराणी नाटुकलं असायचं. त्यात सासू-सून, नाहीतर पहिल्यांदा शहरात गेलेला शेतकरी, आणि तोंड उघडलं की हशा. पुढे मोबाईल आले, हिंदी सिनेमांच्या प्रसंगांवर अहिराणी आवाज चढवलेले व्हिडिओ आले, हशा तोच राहिला. मग आली हळदीची गाणी. ती कोट्यवधी वेळा पाहिली गेली, ज्यांनी तापी फक्त नकाशात पाहिली ते पुण्या-मुंबईचे लोकही त्यावर नाचले. मला ती गाणी आवडतात. वाजली की माझेही पाय थांबत नाहीत. त्यांनी आमच्या बोलीला घराच्या ओट्यावरून उचलून थेट वरातीत नेलं, कितीतरी गायकांना, ढोलकीवाल्यांना, कॅमेरे भाड्याने देणाऱ्या पोरांना काम दिलं. त्यांच्याविषयी वाकडा शब्द मी बोलणार नाही. पण यातून कानाला एक वळण पडलं. चारचौघांत, माईकवर अहिराणी आली की ती एकतर नाचायला आली असणार किंवा हसवायला. तिसरं काही घेऊन ती येईल यासाठी कोणी तयारच नसतं.

पण हाच कान घरात वेगळा वागतो. माझी आजी गेली तेव्हा सुपलीभर उजेडाच्या त्या खोलीत बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. आत्या बाहेरगावाहून आली, उंबऱ्यातच बसली आणि सूर लावला. आमच्याकडे बाया मयतावर रडतात ते नुसतं रडणं नसतं, त्यात सांगणं असतं. आजीने कोणत्या विहिरीवरून पाणी वाहिलं, कोणत्या दुष्काळात स्वतःच्या पाटल्या मोडल्या, कोणत्या सुनेला कोणत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लुगडं घेतलं, हे सगळं आत्या एका हेलात, जागच्या जागी रचत होती. दर ओळीच्या शेवटी "माय वं" म्हणताना श्वास तोडत होती, आणि तो तुटलेला श्वासच पुढच्या ओळीची जागा धरून ठेवत होता. सगळं अहिराणीत. त्या खोलीत कुणाला हसू आलं नाही. तेच शब्द, तोच हेल, तेच लोक. म्हणजे अहिराणीत दुःख मावत नाही असं नाही. ते दाराआड ठेवायची आम्हाला सवय झाली आहे.

आखाजीचंही तसंच. आजी सांगायची, गौराई नदीवर न्यायच्या दिवशी दोन गावच्या पोरीबाया दोन काठांवर उभ्या राहायच्या आणि एकमेकींच्या गावाचा उद्धार करायच्या. नुसत्या शिव्या नाहीत, यमक जुळवलेल्या शिव्या. पलीकडून आलेल्या ओळीचं शेवटचं अक्षर पकडून इकडून उत्तर जायचं. कधी कधी प्रकरण दगडांवर यायचं, मग म्हातारे मध्ये पडायचे. हळदीतल्या त्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो उठून बसला. "मावशी, हाई त बॅटल शे!" म्हणाला. रॅपमध्ये दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांना ओळींनी हाणतात, त्याला ते लोक बॅटल म्हणतात हे मला त्याच्याकडूनच कळलं. त्याने आजीच्या आठवणीतल्या दोन-चार शिव्या माझ्याकडून लिहून घेतल्या. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत, पण त्यांचा ताल आजही पक्का आहे.

त्याचा बाप तो पहिलीत असतानाच सुरतेला गेला. तिथल्या रिंगरोडच्या कापड बाजारात साड्यांचे पोटले वाहतो. आमच्याकडे हे काही वेगळं सांगण्यासारखं नाही. तापी भुसावळवरून सुरतेकडे वाहते आणि माणसंही तिच्याबरोबर वाहतात. उधना, लिंबायत या भागांत गुजरातीचा एक शब्द न येता आयुष्य निघतं. किराणावाला धुळ्याचा, दाढी करणारा शिंदखेड्याचा, श्रावणात आमच्या कानबाई देवीचे रोट तिथेही होतात. हा मुलगा पाचवीत असताना आई त्याला घेऊन तिकडे गेली. महापालिकेच्या मराठी शाळेत घातलं. तिथे त्याला पहिल्यांदा समजलं की घरात बोलतात ती भाषा अशुद्ध आहे. "माले", "तुले" म्हटलं की हात पुढे करावा लागायचा. गंमत म्हणून नाही, तर दरवेळी तसंच घडायचं म्हणून तो वर्गात बोलायचाच बंद झाला. सातवीपर्यंतच्या त्याच्या प्रगतिपुस्तकावर "अबोल" असा शेरा आहे. हल्ली तो शेरा स्वतःच दाखवतो आणि काहीच म्हणत नाही.

या "अशुद्ध"चा मला फार राग येतो. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने १९०७ च्या आपल्या भाषा सर्वेक्षणाच्या खंडात खान्देशीला, जिच्यात आमची अहिराणी येते, मराठीत न टाकता भिल्ली भाषांबरोबर जागा दिली होती. ते बरोबर की चूक यावर विद्वान अजून बोलतात, बोलू देत. २०११ च्या जनगणनेने खान्देशीची मोजदाद मराठीपासून वेगळी केली आणि ती बोलणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक नोंदवले. ज्यांनी विचारणाऱ्याला "मराठी" असंच सांगितलं ते यात नाहीतच, आणि ते माझ्या घरातच निम्मे आहेत. डॉ. रमेश सूर्यवंशींनी, डॉ. सुधीर देवरेंनी या बोलीचा अभ्यास करण्यात वर्षं घातली. सरकारच्या कागदावर जी एक भाषा आहे, अभ्यासकांच्या टेबलावर जी एक भाषा आहे, ती वर्गाच्या दारात आली की चूक ठरते. दहा वर्षांच्या मुलाला यातलं काही माहीत नसतं. त्याला फक्त हाताचा चटका माहीत असतो.

दहावीनंतर तो एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात लागला. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. त्या लांबलचक मशीनवर सुयांच्या रांगा एकदम खाली येतात, एकदम वर जातात, आणि धागा तुटला की मशीन थांबतं. काम एवढंच, तुटलेला धागा शोधायचा आणि ओवायचा. हिपहॉप त्याला तिथे भेटलं. शेजारच्या मशीनवरच्या बिहारी मुलाने कानातल्या इअरफोनचं एक टोक याला दिलं. अंधेरीच्या डिवाइनचं गाणं होतं. मग कुर्ल्याचा नेझी, ज्याने २०१४ मध्ये आपलं पहिलं गाजलेलं गाणं आयपॅडवरच केलं होतं. याला आयपॅड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण स्टुडिओ लागत नाही एवढं डोक्यात शिरलं. सुयांच्या ठोक्यावर तो हिंदी ओळी म्हणायचा. मशीनच्या आवाजात दुसऱ्याला ऐकू जावं म्हणून शब्द तोडून, ठासून बोलायची सवय लागली. आज त्याच्या गाण्यात प्रत्येक अक्षर सुटं ऐकू येतं ते त्या कारखान्यामुळे, असं तो म्हणतो आणि मला ते पटतं.

हिपहॉपचा उगम सांगताना सगळे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली ११ ऑगस्ट १९७३ ची रात्र सांगतात. कूल हर्क नावाच्या जमैकाहून आलेल्या पोराने त्या रात्री दोन तबकड्यांवर एकच गाणं लावून त्यातला फक्त ठेक्याचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला, कारण लोक त्याच तुकड्यावर सगळ्यात जास्त नाचत होते. मला त्या गोष्टीत हर्कपेक्षा त्याची बहीण सिंडी आवडते. ती पार्टी तिने ठेवली होती, शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला पैसे जमवावेत म्हणून. नव्या कपड्यांसाठी एका मुलीने ठेवलेल्या कार्यक्रमातून जे सुरू झालं ते सत्तेचाळीस वर्षांनी धुळे जिल्ह्यातल्या एका धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरावर कसं आलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

२०२० च्या टाळेबंदीत कारखाने बंद झाले आणि तो आईबरोबर गावी परतला. थोडं ट्रकमध्ये, बरंच पायी. बाप सुरतेतच खोलीची राखण करत राहिला. त्या उन्हाळ्यात गावात काम नव्हतं, पैसा नव्हता, होता तो वेळ आणि धाब्यावरची मोकळी हवा. रात्री सगळे वर झोपायचे. हा कडेला बसून मोबाईलवर लिहायचा. रेकॉर्डिंगसाठी त्याने खाली खोलीत खाट उभी केली, तिच्यावर आईच्या गोधड्या टाकल्या आणि आत मोबाईल घेऊन शिरला. गोधड्यांनी आवाज घुमत नाही. चाळीस-बेचाळीस अंशांच्या त्या उकाड्यात तो गोधडीखाली गायचा आणि न्हाऊन निघाल्यासारखा बाहेर यायचा. पहिली गाणी हिंदीत होती. भाई, गली, हसल, असं सगळं उसनं. मी ऐकली तेव्हा मला ती आवडली नाहीत आणि मी तसं सांगितलं. त्याच्या गावात ज्याला गली म्हणावं असं काही नव्हतं. होतं ते एक गल्लीवजा बोळ, त्यात म्हशी बांधलेल्या.

अहिराणी त्याच्या गाण्यात आली ती आईच्या भांडणातून.

पाण्याचा टँकर तीन दिवस आला नव्हता आणि आला तेव्हा अर्धा रिकामा आला. त्याची आई ओट्यावरून टँकरवाल्याला बोलली. बोलली म्हणजे तिने त्याला उभा-आडवा घेतला. तो कोणाच्या विहिरीवर कधी गेला, कोणाच्या टाकीत आधी का सोडलं, त्याच्या मालकाचं वावर कोणत्या पाण्यावर हिरवं आहे, सगळं एका दमात. याने सवयीने मोबाईलवर टिपलं. रात्री ऐकताना त्याच्या लक्षात आलं की आई श्वास कुठे घेते ते ठरलेलं आहे, जोर कुठे देते ते ठरलेलं आहे, आणि प्रत्येक वाक्य "स"वर येऊन तुटतं. करस, जास, दखस, सांगस, समजस. अहिराणीचं वर्तमानकाळातलं क्रियापद असंच संपतं, मी असो, तू असो की तो असो. त्याने ठेका लावला आणि आईचं भांडण त्यावर ठेवलं. तो "स" बरोबर तिथे पडत होता जिथे ड्रमरची झांज पडते. बसल्या जागी त्याला यमकांचा साठा सापडला. त्या रात्री त्याने लिहिलेली पहिली ओळ म्हणजे त्या हळदीत ऐकलेली, बाप सुरतमा, माय वावरमा.

आसोद्याच्या बहिणाबाईंची इथे आठवण येणं साहजिक आहे, आणि ती आठवण मला नुसती शोभेसाठी काढायची नाही. त्यांची बोली लेवा गणबोली, अहिराणीची शेजारीण. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, वावरात, चुलीपुढे त्या म्हणत गेल्या, आणि मुलगा सोपानदेव व नातलग पितांबर चौधरी यांनी जे टिपलं ते उरलं. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ते पुस्तक आलं. आता जळगावच्या विद्यापीठालाही त्यांचं नाव आहे. पण शाळेत आम्ही त्यांची कविता चालीवर, हळू आवाजात, जवळजवळ देवाची आरती म्हणावी तशी म्हणायचो. जात्याचा दगड फिरताना जो घरघर ठेका असतो, हाताच्या ओढीने जो झटका बसतो, तो त्या चालीत कुठेच नव्हता. या मुलाने एकदा मला त्यांच्या ओव्या नुसत्या टाळ्यांवर म्हणून दाखवल्या. कुठलं वाद्य नाही, चाल नाही. मी जन्मभर पाठ असलेल्या ओळी पहिल्यांदा ऐकल्यासारख्या ऐकल्या. हातांनी काम करणाऱ्या बाईच्या दमाला धरून त्या रचल्या गेल्या आहेत हे मला कुठल्याही समीक्षकाने इतकं स्वच्छ सांगितलेलं नव्हतं.

कारकीर्द हा शब्द त्याच्या बाबतीत वापरायचा तर तिचा हिशोब असा आहे. सुरुवातीला तो यूट्यूबवरून फुकट मिळणारे ठेके घ्यायचा. त्यातल्या एका गाण्याला बऱ्यापैकी लोकांनी पाहिलं, तर त्यावर हक्काचा दावा लागला, कारण तोच ठेका आणखी कितीतरी जणांनी घेतला होता आणि खऱ्या मालकाने तो फक्त ऐकायला फुकट ठेवला होता. तेव्हापासून तो ठेके पैसे देऊन, लेखी परवान्यासकट घेतो किंवा गावातल्या डफवाल्याकडून वाजवून घेतो. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत लोकांनी पाहिलेले ४,००० तास लागतात. सबस्क्रायबर झाले, तास व्हायला वेळ लागला, कारण रॅप ऐकणारे पहिल्या कडव्यालाच निघून जायचे. खरा पैसा हळदीत आणि बारशात. तिथे लोक हळदीचं गाणं मागतात. तो ते म्हणतो, चांगलं म्हणतो, आणि मधे आपलं एक रॅप घुसवतो. नाशिकच्या एका स्टुडिओत त्याला बोलावलं होतं. तिथल्या माणसाला आवाज आवडला, अट एकच, जरा फनी टच दे. अहिराणी फनीच चालते, असं त्याचं म्हणणं. मुलगा तासभर बसला, चहा प्यायला आणि रात्रीच्या एसटीने परत आला. आई म्हणाली, "तुले काय भेटस यामा?" त्याने तिला उत्तर दिलं नाही. देण्यासारखं उत्तर त्याच्याजवळ त्या रात्री नव्हतं.

त्याची सगळीच गाणी मला आवडतात असं नाही. काहींमध्ये नुसती बढाई आहे, गाडी, घड्याळ, ज्यातलं काही त्याच्याकडे नाही. एका गाण्यात पोरींविषयी तो जे बोलला ते मला खटकलं आणि आमचं त्यावर चांगलंच वाजलं. "सगळेच असं म्हणतात," हे त्याचं उत्तर. ज्या आईच्या जिभेवर तुझं सगळं गाणं उभं आहे तिच्यासमोर बसून हे कडवं म्हण, असं मी त्याला सांगितलं. त्याने ते गाणं काढलं नाही. पण पुढच्यात तसं काही आलं नाही, एवढं मी पाहिलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन टीव्हीवरचा 'बिग बॉस' हा खेळ जिंकला तेव्हा गावातली पोरं याच्या दारात येऊन नाचली, आता आपला नंबर म्हणून. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, सत्ताधाऱ्यांवरच्या रॅपमुळे राज मुंगासेवर गुन्हा दाखल झाल्याची बातमी आली. त्याच दाराची कडी आईने आतून लावून घेतली. कापसाच्या भावावरचं याचं गाणं तेव्हा तयार होतं. व्यापाऱ्याने काट्यात कसं मारलं, ओलाव्याच्या नावाखाली कसं कापलं, खेडा खरेदीत रोख पैशासाठी शेतकरी कसा झुकतो, सगळं त्यात आहे आणि एकही नाव नाही. तरी आईने ते टाकू दिलं नाही. त्याच्याआधीच्या वर्षी, मार्च २०२२ मध्ये, मुंबईच्या स्वदेशी या रॅप गटातला धर्मेश परमार गेला, तोडफोड या नावाने गुजरातीत रॅप करणारा, वय अवघं २४. सुरतेत वाढलेल्या आमच्या मुलाला गुजरातीही चांगली समजते, त्याची ओळ न ओळ पाठ होती. तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. याच स्वदेशीने २०१९ मध्ये आरेच्या जंगलातल्या वारल्यांचं गाणं केलं, त्यात आरेतल्याच आदिवासी प्रकाश भोईरांचा आवाज आहे. ते गाणं ऐकताना कुणी हसत नाही. जंगलातल्या पाड्यावरच्या माणसाने माईकवर यावं आणि लोकांनी सरळ ऐकावं, हे घडू शकतं याचा तो पुरावा आहे, असं मुलगा मला सारखं सांगायचा.

तसा पुरावा त्याला स्वतःच्या भाषेतही मिळाला. गेल्या श्रावणात उधन्याला कानबाईच्या उत्सवात त्याला बोलावलं. मी व्हिडिओ पाहिला. रोट झालेले, बाया थकून बसलेल्या, मागे पुरुष उभे, त्यातले बरेच पाळी संपवून आलेले. याने तीच ओळ म्हटली. कोणी हसलं नाही. दुसरी म्हटली, एकाने हात वर करून गाणं थांबवलं आणि पहिल्यापासून म्हण म्हणाला. मी तो व्हिडिओ पाहून बराच वेळ विचार करत होते. गावात बसलेला आबा त्या ओळीला हसतो आणि सुरतेत उभा असलेला त्याचा मुलगा हसत नाही. गावात अहिराणी चोवीस तास कानावर असते, तिच्याकडून गंभीर काही ऐकायची कुणाला सवय नाही. सुरतेत ती संध्याकाळी खोलीवर परतल्यावरच भेटते. दिवसभर सेठची हिंदी, सुपरवायझरची गुजराती ऐकून आलेला माणूस तिच्याकडे हसायला येत नाही. आबांनी हसून काही पाप केलं असं मी मानत नाही. पण त्या हळदीत त्यांचा मुलगा असता तर त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहून ती ओळ ऐकली असती, एवढी मला खात्री वाटते.

आता त्याने नवं गाणं लिहिलं आहे, एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यावर. बारा तासांची पाळी, धागा तुटल्याबद्दल कापलेले पैसे, रात्रपाळीत झोप आली म्हणून सुईखाली आलेलं एका मुलाचं बोट. पहिली दोन कडवी हिंदीत आहेत. मी वाचली आणि मला वाईट वाटलं. एवढं करून शेवटी हिंदीच, असं मी त्याला म्हटलं, जरा जोरातच. ओट्यावर बसून तो कपाशीच्या सरकीचं पोतं शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "मावशी, सेठले अहिराणी समजस नही. त्याले जे सांगनं शे ते हिंदीमाच सांगनं पडी."

तिसऱ्या कडव्याचं मी विचारलं. ते आईच्या तोंडचं आहे, ती फोनवर मुलाला विचारते, जेवलास का, बोट कसं आहे. ते कोणत्या भाषेत ठेवणार हा प्रश्नच नव्हता. मला अजूनही वाटतं की पहिली दोनही अहिराणीत असती तर गाणं एकसंध झालं असतं, आणि सेठने दुभाषी बघावा. आमचा वाद मिटलेला नाही. रेकॉर्डिंग कापूस वेचून झाल्यावर, या वेळी धुळ्याच्या एका खऱ्या स्टुडिओत, आणि आईचं कडवं आईच म्हणणार आहे. तिने होकार दिला तो एका अटीवर, की मधे कोणी हसलं तर ती माईक सोडून घरी येईल.